विटांच्या नगरीत दोन दिवस

आपल्या घरांत 'सहल' हा शब्द उशिरा आला. त्याआधी नुसते 'जाणे' होते. विजयादशमीला नागपूरला जाणे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणे, १ जानेवारीला भीमा कोरेगावला आणि २० मार्चला महाडला जाणे. लेकरू खांद्यावर, चटणी-भाकरीचे गाठोडे डोक्यावर आणि झोप मिळेल तिथे. शाळेच्या व्हरांड्यात, मैदानात, फूटपाथवर. अजिंठा-वेरूळ पाहिले तेही लेण्यांना वंदन करायचे म्हणून. ह्या जाण्यात मौज नव्हती असे नाही. पुस्तकांचे स्टॉल, गायन पार्ट्या, दादरच्या समुद्राची पहिली लाट, हे सर्व आम्ही लहानपणी डोळे भरून पाहिले. परंतु केवळ मुलांना खेळायला मिळावे म्हणून पदरचे पैसे मोजून घराबाहेर पडणे ही गोष्ट आपल्या दोन पिढ्यांना ठाऊक नव्हती. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा त्याची जाहिरात आम्ही शेजाऱ्यांच्या टी.व्ही.वर उंबऱ्यात बसून पाहत असू. प्रत्यक्ष जाण्याचा विषय घरात कोणी काढलाच नाही.

म्हणूनच गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब इंग्लंडमधील विंडसर येथील लेगोलँड पाहून आलो, तेव्हा वस्तीत दोन प्रकारचे प्रश्न आले. तरुण मंडळींनी विचारले, "काय काय पाहिलं?" वडीलधाऱ्यांनी विचारले, "किती खर्च आला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोन्हींची उत्तरे येथे देत आहोत.

आमचा भाचा लंडनजवळ स्लाऊ ह्या गावी कॉम्प्युटर इंजिनियर म्हणून नोकरीस आहे. हा आमच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा मुलगा. आक्का ६२ वर्षांची. वरळीच्या बीडीडी चाळीत आम्हाला कडेवर घेऊन तिने वाढविले. चौथीनंतर तिची शाळा सुटली. आमचे दाजी महापालिकेच्या सफाई खात्यात ३१ वर्षे झाडू मारून निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी गेले. "आई, तू ये आणि मामा-मामीलाही घेऊन ये," असा भाच्याचा तीन वर्षे लकडा होता. हॉटेल आणि उद्यानाचा खर्च त्याने केला. विमानाची तिकिटे आणि व्हिसा आमच्या खिशातून झाले. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले, हे लपविण्याचे कारण नाही. कचेरीतील एका सहकाऱ्याने टोमणा मारलाच, "कर्ज लग्नाला काढतात, घराला काढतात. सहलीला कोण काढतो?" आम्ही म्हटले, लग्नात एका दिवसात मांडवाखाली जे उडते, त्याच्या निम्म्यात हे झाले. बी.कॉम. झालो आहोत, एवढा हिशेब आम्हाला येतो.

आता हे लेगो काय प्रकरण आहे, ते आधी सांगितले पाहिजे. मुलांचे एकात एक बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना ती मंडळी 'वीट' म्हणतात. ह्या विटेचा जनक एक सुतार होता. ओले किर्क क्रिस्टियानसेन हे त्याचे नाव. डेन्मार्कमधील एका गरीब घरातील हे दहावे अपत्य. जन्म ७ एप्रिल १८९१. तारीख वाचली आणि आम्ही थबकलो. त्याच महिन्यात, बरोबर सात दिवसांनी, १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी चौदावे रत्न जन्मास आले. दोघांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. बाबासाहेबांची तुलना कोणाशी करणार? पण पुढे पाहा. १९१६ साली ह्या सुताराने बिलुंड नावाच्या खेड्यात एक कारखाना विकत घेतला. त्याच १९१६ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. एकाच्या हाती रंधा, दुसऱ्याच्या हाती ग्रंथ. सुताराला आपला रंधा चालवायला कोणी अडविले नाही, आणि उद्या त्याच्या मुलाने वेगळे काही करायचे ठरविले असते तरी कोणी अडविले नसते. ग्रंथ हाती घेणाऱ्याला मात्र शाळेत गोणपाटावर बसावे लागले होते. फरक एवढाच, आणि फार मोठा.

सुताराचे दिवसही सुखाचे नव्हते. १९२४ साली त्याच्या लहान मुलांच्या हातून लाकडाच्या भुश्श्याला आग लागली आणि कारखाना व घर जळून गेले. १९३२ मध्ये जगभर मंदी आली. घरे बांधणे बंद, फर्निचर कोणी घेईना. त्याच वर्षी बायको वारली. पदरी चार मुले. तेव्हा ह्या माणसाने उरलेल्या लाकडातून शिड्या, इस्त्रीचे फळे आणि लाकडी खेळणी करायला घेतली. १९३४ मध्ये नाव ठेवले लेगो. डॅनिश भाषेतील 'चांगले खेळा' ह्या अर्थाच्या दोन शब्दांतून ते जुळविले. १९४२ मध्ये पुन्हा आग लागली, पुन्हा उभे राहिले. १९४६ मध्ये प्लॅस्टिकचे यंत्र घेतले आणि १९४९ मध्ये पहिल्या विटा बाजारात आल्या. ती मूळ कल्पना हिलरी पेज नावाच्या इंग्रज खेळणीवाल्याच्या विटांवरून घेतलेली होती, हेही नमूद केले पाहिजे. पण त्या विटा घट्ट धरत नसत. आतून पोकळ नळ्या घालून पक्की पकड देणारी वीट तयार झाली आणि तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच म्हातारा वारला. १९५८ ची वीट आजच्या विटेला अजूनही बसते. आठ खुंट्यांच्या सहा विटा घेतल्या, तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. हा आकडा आमच्या मुलीने पाठ केला आहे.

ह्या सुताराची एक हकिकत आम्हाला फार आवडली. त्याचा मुलगा गॉटफ्रेड एकदा आनंदाने सांगत आला की, लाकडी बदकांना तीनऐवजी दोनच हात वार्निश मारून मी पैसे वाचविले. बापाने त्याला रातोरात स्टेशनवर पाठविले, पाठविलेल्या पेट्या परत आणायला लावल्या आणि तिसरा हात मारायला लावला. आमच्या चाळीतही असे कारागीर होते, गिरणीत सांधे जोडणारे, ज्यांच्या हाताला खोट चालत नसे. त्यांची नावे कोणत्याही विटेवर नाहीत.

बिलुंडला पहिले लेगोलँड ७ जून १९६८ रोजी उघडले. विंडसरचे १९९६ साली. पूर्वी त्या जागी मोकळ्या प्राण्यांचे सफारी उद्यान होते, ते १९९२ मध्ये बंद पडले. २००५ पासून ही उद्याने मर्लिन ही कंपनी चालविते. हॉटेल २०१२ साली बांधले, १५० खोल्यांचे. पुढे २०१७ मध्ये किल्ल्यासारखे आणखी एक लहान हॉटेल झाले. आम्ही उतरलो ते पहिल्यात.

तत्पूर्वी दोन दिवस आम्ही लंडनमध्ये होतो आणि अर्थातच आधी १०, किंग हेन्रीज रोड येथे गेलो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. पुढे शेजारच्या काही रहिवाशांच्या आणि स्थानिक कौन्सिलच्या हरकतीमुळे स्मारकाला परवानगी मिळण्यात अडचण आली. ती २०२० च्या मार्चमध्ये दूर झाली. आक्काने पायऱ्यांपाशी चपला काढल्या, त्या आत जाऊन बाहेर येईपर्यंत घातल्या नाहीत. ह्या वास्तूवर स्वतंत्र लिहिले पाहिजे, येथे एवढेच.

विंडसरला पोचलो तो सोमवार होता. इंग्लंडमधील शाळांना मेअखेरीस आठवडाभर सुट्टी असते, त्यामुळे गर्दी आपल्या जत्रेसारखी. उद्यान टेकडीच्या उतारावर आहे. प्रवेशद्वार वरच्या टोकाला. तेथे उभे राहिले की दूरवर विंडसरचा राजवाडा आणि हवा स्वच्छ असेल तर पार लंडनच्या उंच इमारती दिसतात. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी हीथ्रोचे विमान खाली उतरत असते. भाच्याचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, सात वर्षांचा. तो पुढे आणि आमची बारा वर्षांची मुलगी त्याच्या मागे, अशी वरात उताराला लागली.

प्रथम 'मिनीलँड'. जवळपास चार कोटी विटांतून उभारलेली छोटी नगरी. लंडनचे टॉवर, पूल, चर्च, राजवाडा सगळे कमरेएवढे. नदीतून बोटी चालतात, रस्त्यावरून बसगाड्या धावतात, आणि बोटाएवढी माणसे चक्क रांगेत उभी असतात. आदल्याच दिवशी आम्ही खरे लंडन पाहिले होते, मान वर करून. येथे तेच लंडन मान खाली घालून पाहिले. आमची पत्नी म्हणाली, "हे बरं आहे, सगळं आपल्यापेक्षा लहान." आम्ही तेथे तासभर रेंगाळलो. बाकीचे लोक दहा मिनिटांत पुढे जातात असे दिसले.

पाळणे आणि झुले ह्यांविषयी फार लिहीत नाही. ड्रॅगन नावाची एक गाडी आहे, ती आधी किल्ल्याच्या आतून हळूहळू नेते आणि मग बाहेर काढून पोटात गोळा आणते. एवढे पुरे. पाण्यातल्या बोटीत आम्ही भिजलो आणि वारा थंड असल्यामुळे कुडकुडलो. प्रत्येक ठिकाणी उंची मोजायची पट्टी असते. नातू एका ठिकाणी बोटभर कमी भरला. टाचा उंचावून पाहिल्या, पण पट्टीजवळच्या मुलीने हसून मान हलविली. नियम म्हणजे नियम. लॉर्डाच्या मुलालाही ती पट्टी तेवढीच आहे, हे आम्हाला बरे वाटले.

खरी गंमत 'ड्रायव्हिंग स्कूल'ची. सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारी देतात. रूळ नाहीत, आपण फिरवू तशी गाडी फिरते. सिग्नल आहेत, चौक आहेत, गोल चक्कर आहे. आधी बसवून नियम समजावतात. आमच्या घरात सायकलशिवाय वाहन आलेले नाही. मुलगी गाडीत बसली, पट्टा लावला, पहिल्या वळणावर कठड्याला धडकली. मागे गाड्यांची रांग. आम्हाला वाटले, आता रडते. तिने गाडी मागे घेतली, सरळ केली, आणि नंतर एकदाही सिग्नल मोडला नाही. शेवटी फोटो लावून लायसन्स मिळते, त्याचे पैसे वेगळे पडतात. ते लायसन्स सध्या आमच्या घरी बाबासाहेबांच्या व भगवान बुद्धांच्या फोटोशेजारच्या कपाटात, तिच्या पाचवीच्या स्कॉलरशिपच्या प्रमाणपत्राजवळ आहे.

आता रांगेविषयी. उद्यानात पाळण्यापेक्षा रांगेत जास्त वेळ जातो, त्यामुळे खरे उद्यान रांगेतच पाहायला मिळते. पुढे शीख कुटुंब, मागे सोमालियाची बाई तीन मुलांसह, त्यामागे गोरे आजी-आजोबा. कोणी कोणापासून अंतर राखत नाही. आमच्या मुलीच्या वेणीला लागलेले कोणाचे तरी आईस्क्रीम एका गोऱ्या बाईने स्वतःच्या रुमालाने पुसले. आक्का ते बघत राहिली.

परंतु रांगेचीही दुसरी बाजू आहे. अशा मोठ्या उद्यानांत जादा पैसे भरून रांग टाळण्याची सोय असते, तशी येथेही आहे. मोबाईलवर वेळ घ्यायची आणि दुसऱ्या दाराने आत जायचे. मुलीने विचारले, "हे लोक मागून येऊन पुढे कसे गेले?" भाचा म्हणाला, "त्यांनी पैसे भरलेत. मामा, जातीच्या उतरंडीपेक्षा ही बरी. पैसा आज नाही तर उद्या मिळवता येतो." आम्हाला ते पटले नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एक नाही, दोन. आम्ही हे भाच्याला ऐकवले. तो म्हणाला, "मामा, भाषण नको, आपला नंबर आला." नंबर खरेच आला होता.

त्याच दिवशी दुपारच्या रांगेत एक प्रसंग घडला, तो सांगितला नाही तर हा लेख अर्धवट राहील. आमचे बोलणे ऐकून पुढच्या गृहस्थांनी वळून विचारले, "मराठी का?" पुण्याकडचे कुटुंब. इतका आनंद झाला! वडापाव कुठे चांगला मिळतो, शाळा कोणती, पाऊस किती, दहा मिनिटे गप्पा रंगल्या. त्यांचा मुलगा आणि आमचा नातू आपापली लेगोची माणसे काढून दाखवू लागले. आमच्या सुनेला त्या बाई म्हणाल्या, "आमचा मराठी लोकांचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, तुम्हाला घेते. नंबर द्या." इतक्यात गृहस्थांनी विचारले, "आडनाव काय आपलं?" भाच्याने सांगितले. "अच्छा. आणि गाव?" भाच्याने गावही सांगितले. "अच्छा, अच्छा." त्यानंतर गृहस्थ मोबाईल पाहू लागले. नंबर मागणाऱ्या बाईंचा मोबाईल पिशवीत गेला. भांडण नाही, अपशब्द नाही. रांग मात्र अचानक फार लांब वाटू लागली. मुले खेळतच होती, त्यांना त्यातले काही कळले नाही.

भाचा रात्री म्हणाला, "गोरा माणूस मला आडनावाचं फक्त स्पेलिंग विचारतो. आडनावाचा अर्थ विचारणारा माणूस आपणच मुंबईहून सोबत आणतो." ब्रिटनमध्ये जातीभेदाविरुद्ध कायद्यात तरतूद करावी म्हणून तेथील आंबेडकरी व रविदासी संघटनांनी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१३ मध्ये त्यांच्या संसदेने समानतेच्या कायद्यात जातीचा समावेश सरकारने करावा असे ठरविले. पण २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने तशी तरतूद न करता न्यायालयांच्या निकालांवर विसंबायचे ठरविले. म्हणजे काम अपुरेच राहिले.

जेवणाची वेळ झाली. उद्यानात स्वतःचा डबा खायला मनाई नाही, ही फार चांगली गोष्ट, कारण आतील खाण्याचे भाव ऐकून भूक जाते. गवतावर बाकडी टाकलेली आहेत. आक्काने पहाटे उठून चपात्या, बटाट्याची भाजी आणि स्लाऊच्या दुकानात मिळालेल्या सुकटीची चटणी केली होती. भाचा हळूच म्हणाला, "आई, तो डबा इथं नको उघडू. वास सुटेल."

आक्का म्हणाली, "सुटू दे. ह्याच वासावर तू इंजिनियर झालास."

आणि डबा उघडला. शेजारच्या बाकावर एक बांगलादेशी बाई होत्या. त्यांनी मान वर करून दोनदा हुंगले आणि विचारले, "शुटकी?" त्यांच्याकडे सुक्या मासळीला शुटकी म्हणतात. आक्काला बंगाली येत नाही, त्या बाईंना मराठी येत नाही. तरी अर्धा तास दोघी बोलत होत्या. चटणी तिकडे गेली, त्यांच्या डब्यातला भात इकडे आला. भाच्यानेही शेवटी तीन चपात्या सुकटीशीच खाल्ल्या.

जेवण झाल्यावर आणखी एक गोष्ट झाली. एक गोरा, सोनेरी केसांचा वीस-एक वर्षांचा मुलगा हातात झाडू आणि दांड्याची सुपली घेऊन बाकड्यांखालचा कचरा गोळा करीत होता. आक्का त्याच्या हाताकडे बघत होती. कमरेतून न वाकता झाडण्यासाठी त्याचा झाडू लांब होता, हातात मोजे होते, पायात बूट होते. तिने भाच्याला विचारायला लावले. तो मुलगा विद्यापीठात इतिहास शिकतो, सुट्टीत येथे काम करतो, गेल्या वर्षी तिकिटे फाडायला होता, आता सफाईला आहे, पुढे कुठे ठेवतील तिथे. त्याच्या घरचे काय म्हणतात, असे आक्काने विचारले. त्याला प्रश्नच समजला नाही. भाच्याने दोनदा समजावला, तरी समजला नाही.

त्या उद्यानात एक रीत आहे. कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लेगोचे छोटे माणूस लावलेले असते. मुलांनी आपले माणूस देऊन ते मागितले, तर ते अदलाबदल करतात. नातवाने आपला दाढीवाला चाचा पुढे केला. झाडूवाल्या मुलाने आपल्या बिल्ल्यावरचा अंतराळवीर काढून दिला आणि हात मिळविला. मग आक्काकडे वळून तिच्याशीही हात मिळविला. दाजींशी ३१ वर्षांत किती जणांनी हात मिळविला असेल, हे आम्ही विचारले नाही.

संध्याकाळी हॉटेल. दारातच भला मोठा विटांचा ड्रॅगन. लिफ्टचे दार मिटले की गाणे सुरू होते आणि दिवे फिरू लागतात; आमची पत्नी पहिल्यांदा दचकली आणि नंतर उगाचच दोनदा खालीवर जाऊन आली. आम्हाला चाच्यांची, म्हणजे समुद्री लुटारूंची खोली मिळाली. मोठ्यांचा पलंग एकीकडे, मुलांचा दुमजली पलंग वेगळ्या कोपऱ्यात. खोलीत एक कुलूपबंद पेटी असते. भिंतीवरच्या आणि गालिच्यावरच्या चित्रांतून सांगितलेल्या वस्तू मोजायच्या, आलेले आकडे कुलपाला लावायचे, की पेटी उघडते. आत मुलांसाठी लेगोच्या पुड्या. मुलगी आणि नातू मोजताना सारखे चुकत होते. आक्काने भिंतीकडे एकदा पाहिले आणि आकडा सांगितला. बरोबर निघाला. भिशीचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बाईला हे काय कठीण!

रिसेप्शनजवळ विटांनी भरलेला एक हौद आहे. मोठी माणसे खोलीच्या चावीसाठी उभी असतात, मुले त्या हौदात. रात्री जेवणानंतर आक्का त्याच्या काठावर बसली आणि विटा जोडू लागली. तिच्या लहानपणी खेळणे म्हणजे सागरगोटे, चिंचोके, चिंध्यांची बाहुली आणि काड्यापेट्यांची गाडी. दुकानातले खेळणे तिने कधी हातात धरले नव्हते; पुढे लेकराला घेऊन दिले ते सांभाळून माळ्यावर ठेवले, तुटेल म्हणून. नातू म्हणाला, "आजी, किल्ला कर." ती म्हणाली, "किल्ले बघितले नाहीत मी. चाळ करते."

तिने चाळ केली. तीन मजले केले. प्रत्येक मजल्यावर मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एका पिवळ्या विटेला बोट लावून म्हणाली, "ही आमची खोली. ह्यात अकरा माणसं." नातवाने विचारले, "बेडरूम कुठं?" तिने बोळाच्या टोकाला दोन निळ्या विटा ठेवल्या. "हा नळ. पहाटे चारला पाणी यायचं." मग दोन तपकिरी विटा. "हे संडास. सगळ्या मजल्याचे." नातू विचारात पडला. "मग रात्री?" आक्का हसली. "रात्री तुझ्या पणजीला उठवायचं." मग तिने खाली अंगणात एक निळी वीट उभी केली. नातू म्हणाला, "हे मला माहीत आहे. बाबासाहेबांचा पुतळा." आणि त्याने स्वतःचा अंतराळवीर त्यासमोर उभा केला. दुसरी मुलेही जमली. एक चिनी मुलगी न विचारता चौथा मजला चढवू लागली. आक्काने तिला विटा पुरविल्या.

सकाळी आम्ही खाली आलो, तोवर चाळ मोडून त्याच विटांचे कोणी तरी विमान केले होते. हौदाचा तो नियमच आहे. नातू हिरमुसला, आक्का नाही. "आमची चाळ पण पाडतायत आता," एवढे म्हणून ती नाश्त्याला गेली. नाश्त्याच्या ठिकाणी मुलांच्या उंचीची वेगळी टेबले लावलेली असतात, मुले स्वतःच्या हाताने वाढून घेतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मुलांना शेवटी बसवतात त्याची आठवण झाली.

दुसरा दिवस तसाच गेला. हॉटेलात उतरलेल्यांना सकाळी थोडे लवकर आत सोडतात, त्याचा फायदा घेऊन मुलांनी पहिल्या तासात तीन ठिकाणे उरकली. दुपारी पाऊस आला आणि आम्ही स्लाऊची बस धरली.

कोणाचा मुलगा, मुलगी, नातेवाईक तिकडे असतील आणि जाण्याचा विचार असेल, त्यांच्यासाठी काही सूचना. उद्यानाचा मुख्य हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, हिवाळ्यात जायचे तर चालू दिवस आधी पाहून घ्यावेत. दिवसानुसार भाव बदलतात. शाळेच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी सर्वांत महाग. शक्य असेल तर सुट्टी सोडून जावे. दारावर तिकीट घेण्यापेक्षा आधी ऑनलाईन घेतलेले स्वस्त पडते. तेथे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांवर बऱ्याच वेळा एका तिकिटावर एक मोफत अशा सवलती निघतात, म्हणून नातेवाईकांना आधी खोकी पाहायला सांगावे. हॉटेलचे भाडे जबर आहे. ते टाळून स्लाऊ किंवा विंडसरमध्ये ओळखीच्या घरी राहून एका दिवसात उद्यान पाहता येते. मुलांना त्याने फार फरक पडत नाही, पेटी आणि हौद तेवढे चुकतात. उंचीचे नियम आधी वाचून मुलांना घरीच मोजावे, म्हणजे रांगेत रडारड होत नाही. मे-जूनमध्येही स्वेटर आणि रेनकोट न्यावा, सुके मोजे दोन जोड जास्त घ्यावेत. मुलांजवळ एक-दोन जुनी लेगोची माणसे असू द्यावीत, अदलाबदलीला लागतात. डबा अवश्य न्यावा.